जुलैतली सुरमई
पावसाळ्यात कळंगुटला चांगलं हॉटेल शोधायचं, तर वेटरला एवढंच विचारावं, "सुरमई ताजी आहे का?" १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, किनाऱ्यावरचे शॅकसुद्धा मोडून ठेवलेले. तरी पहिल्याच ठिकाणी उत्तर आलं, "एकदम ताजी, साहेब!"

आता हे खोटं कोणाचं? त्याचं, की ठाऊक असून विचारणाऱ्याचं? (सौ.चं मत माझ्याविरुद्ध, ते असतंच.) अख्ख्या हॉटेलात गिऱ्हाईक आम्ही दोघं. खरं बोलून बिचाऱ्यानं खावं काय?

पुढच्या गल्लीतल्या खानावळीत म्हातारा मालक म्हणाला, "सुरमई बर्फातली. आम्ही घरी किसमूर खातो. वाढू?"

सुक्या सुंगटांची किसमूर, वाफाळता भात. सौ.नं दुसऱ्यांदा भात घेतला आणि विचारलं, "त्या मघाच्या वेटरला टीप ठेवलीत ना?"