जादा प्लग

सोनईला आमचा आणि शेजाऱ्याचा कांदा एकाच बांधाला लागून. एके साली दिवाळीच्या तोंडावर आभाळ आले आणि पातीवर करपा दिसू लागला. शेजारी धावत आला. “भाऊ, फवारणीच्या पंपाचा प्लग गेला. एखादा जादा आहे का?”

माझ्या पेटीत होता. मी “नाही” म्हणालो. दोघांचा माल घोडेगावच्या एकाच बाजारात जायचा, हा हिशेब तोंड उघडण्याआधीच मनात होऊन गेला होता. घरांना दारे न लावणारे शिंगणापूर आमच्या इतके जवळ, आणि मी पेटीचे झाकण लावून बसलो!

पुढे जे. आर. डी. टाटांच्या एका शर्यतीची हकीकत वाचनात आली. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधले अंतर ठरल्या मुदतीत एकट्याने उडून जाणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकाला आगाखानांनी ५०० पौंडांचे बक्षीस लावले होते. १९३० च्या मे महिन्यात टाटा कराचीहून निघाले. अस्पी इंजिनियर हा सतरा वर्षांचा पोरगा इंग्लंडहून उलट येत होता. दोघांचीही विमाने जिप्सी मॉथ : एकावर एक असे पंख, चार सिलिंडरांचे इंजिन, आणि वैमानिकाच्या डोक्यावर छप्पर म्हणून नाही. वारा, वाळू, पाऊस, सारे थेट तोंडावर. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. अस्पी प्लगांवाचून अडकला होता. टाटांनी आपले जादा प्लग त्याला दिले. त्याने आपले पाण्यात तरंगवणारे जाकीट त्यांना दिले. अस्पी थोडक्या तासांनी जिंकला. (हाच पोरगा १९६० मध्ये हवाईदलाचा प्रमुख झाला.)

औदार्याला मान डोलावणे सोपे आहे. मला कोडे पडते ते निराळेच. प्लग देऊन टाटांनी शर्यत सोडली नाही. ते पुन्हा विमानात बसले आणि लंडनपर्यंत उडत गेले. द्यायचे तर हाव सोडली पाहिजे, असे आपण लहानपणापासून ऐकतो. हाव सुटत नाही, म्हणून देणेही राहून जाते. इथे जिंकण्याची इच्छा शाबूत आणि हातही मोकळा! शर्यत वैमानिकांची आहे, प्लगांची नव्हे, असे त्यांना वाटले असेल का? मग आमची शर्यत कशाची होती?

मी एक पळवाटही काढून पाहिली : उघड्या विमानातल्या त्या दोघांना एकच वारा लागत होता, एकमेकांचे हाल सांगावे लागत नव्हते. पण करपा माझ्या पातीवरही होताच की.

शेजाऱ्याचा निम्मा कांदा गेला. पाडव्याला तो नेहमीसारखा फराळाला आला. बशी पुढे करताना माझी नजर कोनाड्यातल्या पेटीकडे गेली. त्याने करंजी उचलली आणि विचारले, “तुमचा कांदा कधी काढताय, भाऊ?”