न उच्चारलेलं वाक्य

सातवीत असताना वक्तृत्व स्पर्धेत मी नाईक यशवंत घाडगे यांच्यावर बोललो आणि पहिला आलो. भाषणाचा शेवट मी स्वतःच रचला होता. गोळी लागल्यावर ते तिरंगा आठवतात, मातृभूमीचा जयजयकार करतात आणि डोळे मिटतात. टाळ्या त्याच वाक्याला पडल्या. आज पन्नाशीत ते वाक्य मला टोचतं.

घडलं ते असं. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा हा २२ वर्षांचा मुलगा पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये एका सेक्शनचा म्होरक्या होता. १० जुलै १९४४ला इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. सेक्शनमधला प्रत्येक जण मेला किंवा जखमी झाला. उभा उरला तो हा एकटा. तो थेट मशीनगनवर धावून गेला. आधी हातगोळा टाकून गन आणि ती चालवणारा निकामी केला, मग एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. हातातली बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना त्याने ठेचून मारलं. जिंकलेल्या त्याच ठाण्यात शत्रूच्या नेमबाजांनी त्याला टिपलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो मरणोत्तर.

माझ्या भाषणात हे ठेचणं नव्हतं. ‘शत्रूला कंठस्नान घातलं’ म्हणून मी मोकळा झालो होतो. फार सोयीचा शब्द आहे तो! त्यात रक्ताचा वास येत नाही, समोरच्याचा चेहरा दिसत नाही. ते दोघेही कुणाची तरी पोरं होती, असं म्हटलं तर यशवंतचं शौर्य उणं होईल, अशी मला भीती वाटे. पण त्या मिनिटात त्याच्या हातांना काय करावं लागलं, हे बघायचंच टाळून मी त्याचा गौरव कसला करत होतो?

पुढे वाचन वाढलं तशी दुसरी पळवाट सापडली. सप्टेंबर १९४२मध्ये यशवंतच्याच जिल्ह्यात, महाडला, इंग्रज सरकारविरुद्ध मोर्चा निघाला आणि गोळीबारात माणसं पडली. मग दोनच वर्षांनी इंग्रजांच्या फौजेत लढताना पडलेल्याला आपला कसं म्हणायचं? हा प्रश्न मी तत्त्वाचा म्हणून मिरवला. कोकणातल्या किती चुली पलटणीतून येणाऱ्या मनीऑर्डरींवर पेटत होत्या, हे मी आजोळी ऐकत वाढलो होतो. तरीही भरतीच्या रांगेत उभ्या राहिलेल्या पोराकडे मी, स्वतंत्र देशात आरामात बसून, निष्ठेचा दाखला मागत होतो. महाडची माणसं माझी आहेत. तोही माझा आहे. हे म्हणायला मला इतकी वर्षं लागायला नको होती.

माणगावात त्याचा पुतळा आहे. गणपतीला गावी जाताना तिथल्या कोंडीत गाडी अडकली की मी घड्याळ बघत बसे. उतरून दोन पावलं चाललो नाही. २०२३मध्ये इटलीतल्या मोंतोने गावात त्याच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारल्याची बातमी वाचली, तेव्हा मान खाली गेली.

यंदा धाकट्या लेकीने भाषणासाठी त्याचंच नाव काढलं आणि माझी जुनी वही शोधून आणली. शेवटच्या वाक्यावर मी काट मारली.

“मग बाबा, तो शेवटी काय म्हणाला?”

“त्या ठाण्यात तेव्हा तो एकटाच होता गं,” मी म्हणालो.