शेवटचा साक्षीदार

साक्षांकित प्रतीवर आपण शिक्का पाहतो. शिक्का मारणाऱ्याची साक्ष कोणी मागत नाही. संगणकातही तसेच. संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला वरचे प्रमाणपत्र साक्षी असते. सर्वांत वरचे 'मूळ प्रमाणपत्र' मात्र स्वतःच स्वतःवर सही करते. प्रणाली बनवणाऱ्यांनी ते विश्वसनीय यादीत घातले, एवढाच आपला आधार.

जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन यंत्रणेतून गूगलच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले. भारताचे मूळ प्रमाणपत्र विंडोजच्या यादीत असल्याने तेथे ती खरी ठरू शकत होती. नियंत्रकांनी ती साखळी रद्द केली.

विश्वासाला कोठेतरी थांबावेच लागते. तरीही काचीगुड्यातील आपल्या घरच्या संगणकातील ती यादी अधूनमधून पाहावी. नावे खोडण्यासाठी नव्हे, तर अनोळखी नाव कोणी घातले हे विचारण्यासाठी. पारख दुसऱ्यावर सोपवता येते, जबाबदारी नाही.