निकस मातीची काचपेटी

कीटकभक्षी वनस्पतींची काचपेटी करायची म्हटलं की लोक पहिल्यांदा विचारतात ते माशांबद्दल. त्या कुठून आणायच्या, किती घालायच्या? बरीच वर्षं ही झाडं वाढवल्यावर माझं मत असं झालंय की माशांची काळजी झाडं स्वतः घेतात. आपण काळजी घ्यायची ती पाण्याची.

त्याचं कारण कळायला पावसाळा सरताना कासच्या पठारावर खाली बसून पाहावं. जांभ्याच्या कातळावर मातीचा जेमतेम पातळ थर असतो. महिनोन् महिने कोसळणारा पाऊस त्यातलं नत्र धुऊन नेतो, आणि पाणी तेवढं साचून राहतं. अशा जागी दवबिंदू आणि सीतेची आसवं या कीटकभक्षी वनस्पती सुखाने नांदतात. सीतेच्या आसवांचं निळं-जांभळं फूल सगळे पाहतात, पण शिकार चालते ती चिखलात, डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा फुग्यांमध्ये. सूक्ष्म जीवाचा स्पर्श झाला की फुग्याचं दार उघडतं आणि मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळात तो जीव पाण्यासकट आत ओढला जातो. जमीन जे देत नाही, ते या वनस्पती असं मिळवतात.

म्हणून पेटी भरताना हा निकसपणा मुद्दाम सांभाळावा लागतो. आपला हात सवयीने शेणखताकडे, गांडूळखताकडे जातो. इथे दोन्ही वर्ज्य. मी पीट मॉस आणि स्वच्छ धुतलेली सिलिका वाळू वापरते. कोरडं पीट वरून ओतलेलं पाणी घेत नाही. ते आधी कोमट पाण्यात भिजवून, कणीक मळतात तसं हाताने मळावं लागतं. नर्सरीत कोकोपीट सहज मिळतं, पण त्यात बरेचदा क्षार असतात. ते मी टाळते.

आता पाणी. कुंडीला खाली भोक असतं, त्यामुळे साठलेले क्षार भरपूर पाणी ओतून धुऊन काढता येतात. काचपेटीला ती वाट नाही. पाणी वाफ होऊन जातं, त्यातले क्षार मात्र आतच राहतात. पुढच्या वेळी पाणी घातलं की त्यात आणखी भर. निकस जमिनीला सरावलेल्या मुळांना हे सोसत नाही, आणि झाड हळूहळू बसतं. दख्खनच्या जड बोअरच्या पाण्यावर तर ही झाडं टिकणं अवघडच. पावसाचं, डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी घ्यावं, टीडीएस (विरघळलेले क्षार) ५० पीपीएमच्या आत. घरच्या आरओमध्ये चवीसाठी खनिजं परत मिसळणारी सोय असेल, तर मोजल्याशिवाय ते पाणी वापरू नये.

पाणी पानांवर शिंपडू नये, दवबिंदूच्या पानांवरचे कीटक धरणारे चिकट थेंब धुऊन जातात. मी एका कोपऱ्यात बारीक नळी तळापर्यंत उभी ठेवली आहे. त्यातून पाणी सोडलं की पीट ते खालून वर शोषून घेतं, आणि काचेतून ओलीची रेघ चढताना दिसते. भरपूर उजेड हवा, पण झाकलेली पेटी थेट उन्हात ठेवू नये. आत झाडं शिजतात.

एवढं जमलं की ओल्या पीटवर येणारी चिलटंच झाडाला पुरतात. ‘ड्रोसेरा बर्मानी’ या दवबिंदूच्या रुपयाएवढ्या रोपावर मी चिलट बसलेलं पाहिलं. कडेचे लांब केस काही सेकंदांत आत वळले आणि त्याला पानाच्या मध्याशी घेऊन गेले. काही दिवसांनी तिथे फक्त पंख आणि कवच उरलं होतं. चार्ल्स डार्विनला १८६०च्या उन्हाळ्यात दवबिंदूच्या एका युरोपीय जातीने असंच खिळवून ठेवलं. त्यावरचं त्याचं पुस्तक १८७५ साली आलं. खाऊ घातलेल्या झाडांना बी जास्त धरतं, हे पुढे त्याचा मुलगा फ्रान्सिस याने प्रयोगांनी दाखवलं. उपाशी झाडंही जगतात, हे मात्र लक्षात असू द्या. चिलटं आली नाहीत म्हणून आत मांसाचे तुकडे टाकू नका. बुरशी येते.

आणि रोपं कासहून किंवा कोकणातल्या सड्यांवरून उपटून आणू नका. ती हंगामी आहेत, आणि त्यांचं बी तिथेच पडायला हवं. ही झाडं वाढवणाऱ्यांकडून बी घ्या, ओल्या पीटवर नुसतं भुरभुरा, मातीने झाकू नका. येत्या पावसाळ्यात गच्ची धुऊन निघेपर्यंतचं पाणी वाहून जाऊ द्या, आणि त्यानंतरचं झाकणाच्या पिंपात उन्हाळ्यासाठी भरून ठेवा.