मांडवगडाला एक रात्र तरी दे

रामबाग, इंदूर
भाद्रपद

चि. सौ. भाचीस,


तुझी यादी मिळाली. दसऱ्यानंतर पुण्याहून येणार, इंदुरात चार दिवस, आणि त्यातल्या दोन दिवसांत मांडवगड, महेश्वर, ओंकारेश्वर, शिवाय जमलं तर उज्जैनही. यादी वाचून मामी म्हणाली, एवढ्यात तर नुसता ड्रायव्हर फिरून येईल. खरंच आहे ते. उज्जैन इथून उत्तरेला, ओंकारेश्वर दक्षिणेला आणि मांडवगड नैर्ऋत्येला, सुमारे शंभर किलोमीटरवर. देवदर्शन करायचं असेल तर ते वेगळं कर. या वेळी दोन्ही दिवस आणि मधली रात्र मांडवगडाला दे. उरलेलं सगळं यादीतून काढून टाक. हे मी मामा म्हणून सांगतो आहे, तेव्हा जावईबापूंशी चर्चा करायची गरज नाही.

आधी एक गैरसमज काढून टाकतो. तुम्हा पुण्याच्या लोकांना डोंगरावरचं गाव म्हटलं की महाबळेश्वर दिसतं: घाट, वळणं, बाजारपेठ, घोडे, मक्याची कणसं. यातलं कणीस तेवढं मांडवगडाला मिळेल. समुद्रसपाटीपासून उंची फक्त ६३३ मीटर, आणि इंदूर स्वतःच साडेपाचशेवर बसलेलं आहे. म्हणजे आमच्या बाजूने गेलं तर चढ असा जाणवतच नाही. सपाट माळव्यातून गाडी चाललेली असते आणि एकाएकी दोन्ही बाजूंची जमीन खचते. ती काकडा खोह. या दरीने पठाराचा एक तुकडा माळव्यापासून तोडून विंध्याच्या काठावर ठेवला आहे, आणि त्या तुकड्यावर मांडवगड आहे. डोंगर दिसतो तो दुसऱ्या टोकाला गेल्यावर, जिथून निमाडाचं मैदान एकदम खाली पसरलेलं असतं. थंड हवेसाठी येत असाल तर येऊ नका. इतिहासासाठी आणि पाण्यासाठी या.

दसऱ्यानंतरची तुझी वेळ मात्र अगदी योग्य आहे. श्रावणात अख्खं इंदूर तिकडे लोटतं. रविवारी दरवाजांच्या अरुंद कमानींत गाड्या अडकतात, आणि धुक्यात दक्षिण कड्यावरच्या रूपमतीच्या छत्रीवरून समोरचा माणूस दिसत नाही, तिथे नर्मदा कुठून दिसणार? मे महिन्यात गेलीस तर तळी सुकलेली. १६१७ साली जहांगीर बादशहा मार्चमध्ये मांडवगडाला आला आणि ऑक्टोबरपर्यंत राहिला. त्याच्या दरबारी आलेला इंग्रजांचा वकील सर टॉमस रो हाही बरोबर होता. उन्हाळ्यात रोसाहेब पाण्याच्या टंचाईने हैराण झाले. पुढे पाऊस लागला आणि जहांगीर आपल्या आठवणींत लिहून गेला की पावसाळ्यातल्या मांडूइतकी, म्हणजे या मांडवगडाइतकी, रमणीय जागा त्याला माहीत नाही. एकच गाव, एकच साल. आश्विनात तळी भरलेली असतात, आभाळ धुतलेलं असतं आणि गर्दी ओसरलेली असते. फक्त शनिवार-रविवार टाळ.

सकाळी साडेसहाला निघा. पोहे-जलेबी इथेच खाऊन निघा. वाटेत मिळतात, पण मी त्यांची शिफारस करणार नाही. बेटमा, घाटाबिल्लोद आणि मग धार. धारला तासभर थांबा, जास्त नको. लाट मशिदीच्या आवारात एका प्रचंड लोखंडी स्तंभाचे तीन तुकडे पडले आहेत, ते मुलांना दाखव. आणि किल्ला. आपल्या दुसऱ्या बाजीरावाचा जन्म या धारच्या किल्ल्यातला, १७७५चा. त्याचे वडील राघोबादादा धावपळीत आणि आई आनंदीबाई इथे पवारांच्या आश्रयाला. धारपासून पश्चिमेला थोड्या अंतरावर अमझेरा आहे. तिथे १७२८च्या नोव्हेंबरात चिमाजी अप्पांच्या फौजेने माळव्याचा मोगल सुभेदार गिरधर बहादूर याला मारलं आणि मराठ्यांना माळवा मोकळा झाला. तुझा मामा आज रामबागेत बसून मराठीत पत्र लिहितो आहे, त्याची सुरुवात तिथली. पुढे मांडवगडही धारच्या पवारांकडे आला.

आता गडावर. गाईड भेटला की तो पहिल्या वाक्यात रूपमती आणि बाजबहादूर यांची प्रेमकथा काढेल. त्याला हात जोडून सांग की ते शेवटी. तू सुरुवात पाण्यापासून कर.

विचार कर, १४०१ मध्ये दिलावरखान घोरी दिल्लीपासून स्वतंत्र झाला आणि त्याच्या मुलाने, होशंगशहाने, धारची राजधानी उचलून या पठारावर आणली. संरक्षणाच्या दृष्टीने जागा बिनतोड, पण वर नदी नाही. नर्मदा दिसते, पिता येत नाही. मग फौज, जनानखाना, हत्ती-घोडे, बाजार हे सगळं कशावर जगलं? पावसाच्या पाण्यावर. म्हणून इथे महालांइतकंच तलावांना, कुंडांना आणि बावड्यांना महत्त्व. जहाज महाल मुंज तलाव आणि कापूर तलाव यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर उभा आहे, लांबी सुमारे १२० मीटर. तळी भरली की तो तरंगल्यासारखा वाटतो, फोटो सगळे तिथेच काढतात. तू फोटो काढून झाल्यावर गच्चीवर जा आणि खाली बघ. पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या दगडी पन्हाळी दिसतील. एके ठिकाणी पन्हाळ गोगलगाईसारखी गोल गोल वळत हौदाकडे उतरते. वळणावळणावर पाण्याचा वेग मोडतो आणि गाळ मागे राहतो. मुलांना हे पेन्सिलीने कागदावर काढायला लाव. शेजारी चंपा बावडी आहे, तिच्याभोवती तळघरातल्या खोल्या. उन्हाळ्यात तिथला गारवा अजून अंगाला लागतो. हिंडोळा महालाच्या तिरक्या, जाड भिंती त्याच आवारात आहेत. या एका आवाराला पूर्ण सकाळ दे. तिकिटं तीन ठिकाणी वेगवेगळी काढावी लागतात: हे राजवाड्याचं आवार, मग होशंगशहाचा मकबरा नि जामी मशीद, आणि तिसरं रूपमतीकडचं.

जहाज महाल बांधला असं ज्याच्याबद्दल मानतात तो सुलतान गियासुद्दीन १४६९ ला गादीवर आला. लढाया मुलाकडे सोपवून हा गाणं आणि खाणं यांत रमला. त्याच्या मुदपाकखान्याचं सचित्र पुस्तक ‘निमतनामा’ आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात समोशांच्या कृती आहेत. बटाटा आणि मिरची हिंदुस्तानात यायच्या आधीचा समोसा, म्हणजे इंदुरी माणसाच्या हिशेबाने अपुराच. शेवटी मुलानेच, नासिरुद्दीनने, बापाला विष दिलं असं म्हणतात. जहांगीर इथे आला तेव्हा त्याने या नासिरुद्दीनच्या थडग्याला लाथ मारली आणि तसं लिहूनही ठेवलं. स्वतः बापाविरुद्ध बंड केलेल्या मुलाने हे करावं, याची गंमत मुलं मोठी झाल्यावर त्यांना कळेल.

दुपारी होशंगशहाचा मकबरा. पांढरा संगमरवर, बुटका घुमट, आत जाळीतून येणारा उजेड. इथे गाईड छातीठोकपणे सांगेल की हा बघून शाहजहानच्या कारागिरांनी ताजमहाल बांधला. दारापाशी एक फारसी लेख आहे. उस्ताद हमीद आणि आणखी तिघे शाहजहानचे स्थपती इथे येऊन गेले, असं त्यात आहे. साल १६५९. तोपर्यंत ताज उभा राहून काही वर्षं झाली होती आणि शाहजहान आग्ऱ्याच्या किल्ल्यात मुलाच्या कैदेत होता. म्हणजे ते शिकायला आले नव्हते, आदराने आले होते. मला ही गोष्ट गाईडच्या गोष्टीपेक्षा मोठी वाटते. जामी मशीद शेजारीच आहे, पायऱ्या उंच आहेत. तुझ्या सासूबाईंचे गुडघे लक्षात घेता त्यांना मकबऱ्याच्या आवारात सावलीत बसवून तुम्ही जाऊन या.

संध्याकाळी रूपमती. दक्षिणेच्या कड्यावरची ही इमारत मुळात पहाऱ्याची चौकी. तिच्या छत्र्या नंतरच्या. वाटेवर ज्याला बाजबहादूरचा महाल म्हणतात तोही त्याने बांधलेला नाही. लेखाप्रमाणे तो नासिरुद्दीनच्या काळातला, १५०८-०९ चा. सुलतान बाजबहादूर १५५५ ला गादीवर आला आणि १५६१ मध्ये सारंगपूरला अकबराचा सरदार अधमखान याच्याकडून हरून पळाला. मागे राहिलेल्या त्याच्या प्रेयसीने, रूपमतीने, विष घेतलं. हे सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचं कुणी सांगत नाही: बाजबहादूर बरीच वर्षं रानोमाळ भटकला आणि १५७० मध्ये अकबराला शरण जाऊन त्याचा मनसबदार झाला. अबुल फजलने दरबारी गवयांच्या यादीत त्याचं नाव दिलं आहे. प्रेमकथेत हा शेवट बसत नाही, म्हणून गाळतात. तू मुलांना गाळून सांगू नकोस. आणि चढायच्या आधी खाली रेवा कुंडापाशी थांब. तिथून पाणी उचलून महालात नेण्याची कमानींची सोय अजून उभी आहे. सासूबाईंसाठी ही जागा उत्तम. वरून नर्मदेची रेघ दिसली तर नशीब, नाही दिसली तरी निमाडाचं मैदान दिसतंच.

रात्री तिथेच राहा. मध्य प्रदेश पर्यटनाचं मालवा रिसॉर्ट सागर तलावाच्या काठी आहे, खोली आतापासून राखून ठेव. इंदूरकर सूर्य मावळायच्या आत परत फिरतात आणि गाव गावातल्या माणसांचं होतं. जेवायला दाल-पानिये सांग: मक्याचं पीठ पानांत दाबून गोवऱ्यांवर भाजतात, वर तूप. मुलं नाक मुरडतील, दुसऱ्या घासाला मागून घेतील. रस्त्याकडेला जाड बुंध्यांची विचित्र झाडं दिसतील, ती मांडूची चिंच, म्हणजे आफ्रिकेतला बाओबाब, सुलतानांच्या काळात आला असं मानतात. त्याचं फळ विकत मिळतं, आतला गर आंबट. सीताफळांचा हंगामही तेव्हा सुरू असतो. घेताना भाव कर, पण भिल्ल बाईच्या टोपलीवरून पाच रुपयांसाठी हुज्जत घालू नकोस.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाड्याच्या सायकली घेऊन मुलांसह नीलकंठाकडे जा. अकबराच्या काळात मोगल सरदाराने बांधलेला विलासमहाल, आत महादेव, आणि झऱ्याचं पाणी पुन्हा त्याच गोल वळणाच्या पन्हाळीतून कुंडात. उतरायला पायऱ्या पुष्कळ आहेत, आणि उतरलेल्या सगळ्या परत चढायच्या असतात, हे जावईबापूंना आधी सांगून ठेव. अशर्फी महाल, दाई का महाल वगैरे राहिले तर राहू देत.

आणि महेश्वर? ते गडापासून फार दूर नाही, म्हणून जावईबापू म्हणतील की जाता जाता करू. करू नका. अहिल्याबाईंचा वाडा आणि घाट हे जाता जाता करायचं ठिकाण नव्हे. त्यासाठी माघात वेगळी ये, मीही येईन. दुपारी जेवून निघालात तर दिवेलागणीला घरी पोचाल. मामी वाट बघेल. गाडी मी सांगून ठेवतो. तू खोलीचं तेवढं आजच कर आणि तारीख कळव.

तुझा,
मामा