बिनहिशेबी संध्याकाळ

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, शाळांची रविवारी, आणि तो रविवारही शिकवणी-वर्गांनी चाचणी परीक्षांसाठी आपल्या ताब्यात घेतला असल्यामुळे, काळेवाडीतील कित्येक घरांत बापाच्या आणि मुलाच्या सुट्टीची गाठ महिनोन् महिने पडत नाही. तापकीर चौकालगत भाड्याच्या दोन खोल्यांत राहून तिन्ही पाळ्या आलटूनपालटून करणाऱ्या गृहस्थाने मुलगा अभियंता व्हावा अशी आकांक्षा धरली, तर तिचा उपहास करण्याचा अधिकार सुखवस्तू माणसाला नाही. कंत्राट पुढे चालू राहील की नाही या धास्तीत ज्याने वर्षे काढली, त्याला विद्येचे मोल दुसऱ्याने काय सांगावे?

मला खटकते ती आनंदाचीही दफ्तरी नोंद करण्याची आपली खटपट. इंटरमीजिएट चित्रकला परीक्षा, क्रीडास्पर्धा, शास्त्रीय नृत्य-गायन यांसाठी दहावीच्या निकालात वाढीव गुणांची सवलत शासनाने सद्हेतूनेच दिली. परंतु जिने रंगांत स्वतःला विसरावे ती मुलगी आता किती गुण वाढतील याची चौकशी करून कुंचला हाती घेते, आणि गुण पदरात पडताच तो कायमचा ठेवून देते. (कबड्डीची कथा निराळी नाही.)

सोळा वर्षांखालील मुलांना शिकवणी-वर्गांनी प्रवेश देऊ नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये प्रसृत केली. फर्मान स्तुत्य खरे; पण जेवणाच्या ताटावरचा तगादा कोणत्या फर्मानाने थांबायचा?

तेव्हा आठवड्यातली एक संध्याकाळ, बापाच्या सुट्टीची गुरुवारचीच का असेना, मुलाच्या हवाली बिनशर्त करावी आणि तिचा जमाखर्च मागू नये. तो पवनेकाठी भटकेल, मित्रांशी वायफळ बोलेल, क्वचित नुसता लोळेलही. ते सारे व्यर्थ ठरविण्याची घाई करू नये, कारण आपल्याला कशात गोडी आहे हे उमगण्याइतकी फुरसत ज्याला पंधराव्या वर्षी लाभली नाही, तो पुढे अभ्यासक्रम निवडतो तो शेजाऱ्याच्या मुलाकडे पाहून. यावर पालकांचे उत्तर ठरलेले असते: परीक्षा होऊ द्या, मग सुट्टीच सुट्टी. दहावीचा शेवटचा पेपर मार्चमध्ये होतो. अकरावीच्या तुकड्यांसाठी वर्गांची नावनोंदणी त्याआधीच सुरू झालेली असते, आणि पहिला हप्ता बहुधा याच पालकांनी भरलेला असतो.