आयर्विन पुलावरचे फूट आणि वर्गातला संगणक

पावसाळ्यात सांगलीत भेटणारा माणूस ख्यालीखुशालीच्या आधी विचारतो, 'आयर्विनला किती फूट?' १९२९ साली उभ्या राहिलेल्या या पुलापाशी कृष्णा ४० फुटांवर आली की इशारा पातळी, ४५ वर धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांच्या पुढे गेली. यातले पुष्कळसे पाणी वरून, सातारा जिल्ह्यातून येते. कोयना धरणाचा विसर्ग कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेत मिसळतो आणि तिथून खाली सांगलीकडे निघतो. पुराच्या दिवसांत हा विसर्ग क्युसेकमध्ये जाहीर होतो, पुलापाशची पातळी फुटांत. दोन्ही आकडे गावातल्या प्रत्येक मोबाईलवर फिरत असतात.

हेच आकडे आठवीच्या मुलांच्या हाती द्यावेत आणि संगणकावर तक्त्यात भरून त्यांचा आलेख काढायला लावावा. कोयनेतून सोडलेले पाणी सांगलीला पोचायला किती तास लागतात? विसर्ग कमी केल्यावरही पातळी चढत का राहते? वारणेचा वाटा किती असेल? या प्रश्नांना उत्तरे शोधताना गणित, भूगोल आणि विज्ञान वेगवेगळ्या तासिकांत बसून राहत नाहीत. आणि ज्या मुलांनी घरातले सामान माळ्यावर चढताना पाहिले आहे, त्यांना 'हे कशासाठी शिकायचे' हे सांगावे लागत नाही.

असा पाठ घेणाऱ्या शिक्षकाला काय यायला हवे? तक्त्यात आकडे भरणे, त्यांचा आलेख काढणे. मन लावले तर एका दुपारचे काम. खरी मेहनत पुढे आहे. शाळेतल्या दोन चालू संगणकांभोवती तीस मुले कशी बसवायची? मुलाने ४१ च्या जागी १४ भरले आणि आलेख मध्येच खड्ड्यात गेला, तर ती चूक आपण पुसायची की सगळ्या वर्गाला तिच्यापाशी थांबवायचे? आलेख फळ्यावर हाताने आधी काढायचा की नंतर? हे कोणत्याही बटणावर लिहिलेले नसते. आणि आपली प्रशिक्षणे नेमकी इथपर्यंत येतच नाहीत.

हा दोष जुना आहे. १९८४ मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' या नावाने शाळांमध्ये संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला, बीबीसी मायक्रो संगणक आणले, शिक्षकांना तोंडओळख करून दिली. संगणक हा तेव्हा वेगळा विषय होता, त्यामुळे ते समजण्यासारखे होते. २००१ मध्ये राज्यात एमएस-सीआयटी आली. या अभ्यासक्रमाने तालुक्याच्या गावांपर्यंत संगणक नेला, हे त्याचे मोठे काम. ते मी कमी लेखणार नाही. पण सरकारी सेवेत संगणक अर्हतेला मुदत आणि वेतनवाढ जोडली गेली, आणि असंख्य शिक्षकांची संगणकाशी पहिली भेट 'पास झालो नाही तर पगारातून वसुली' या धास्तीत झाली. पुढे शाळांमध्ये संगणक कक्ष आले ते ठरावीक वर्षांच्या कंत्राटावर, कंत्राटी निदेशकांसह. निदेशक संगणक शिकवणार म्हटल्यावर इतिहासाच्या वा विज्ञानाच्या शिक्षकाने त्या खोलीत पाऊल टाकण्याचे कारणच उरले नाही. मुदत संपली, निदेशक गेले, खोलीला कुलूप लागले.

ली शुलमन या अमेरिकन अभ्यासकाने १९८६ मध्ये मांडले की विषय जाणणे आणि तो विषय शिकवता येणे यांत अंतर असते. प्रत्येक विषय शिकवण्याचे म्हणून एक ज्ञान असते. २००६ मध्ये पुण्या मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी त्यात तंत्रज्ञानाची जोड घातली. त्यांचे म्हणणे इतकेच, की यंत्र, विषय आणि शिकवणे हे तिन्ही धागे एकत्र विणले तरच वर्गात उपयोगाला येतात. आपण मात्र फक्त यंत्राचा धागा सुटा काढून शिक्षकाच्या हातात देतो आणि प्रमाणपत्रही देतो.

एकत्र विणायचे कसे, याचे उत्तर शोधायला अमेरिकेला जायला नको. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षकांचे ट्रेनिंग कॉलेज काढले, कारण खेड्यात शाळा न्यायची तर आधी शिक्षक तयार करावा लागतो हे त्यांनी ओळखले होते. आणि अगदी अलीकडचे उदाहरण सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटचे. शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने जिल्हा परिषदेच्या शाळा बदलल्या. २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाच्या काळात राज्यभरातले शिक्षक गाड्या करून कुमठ्याला आले. त्यांनी भाषणे ऐकण्यापेक्षा वर्ग पाहिले. जमिनीवर आखलेली चित्रे, गोलात बसलेली मुले, मुलांच्या हातातले खडे आणि काड्या पाहिल्या, आणि परत जाऊन आपापल्या शाळेची फरशी रंगवली. कुमठ्यात महागडे यंत्र नव्हते. तिथे होता तो आपल्यासारख्याच पगाराचा, आपल्यासारख्याच पटाचा शिक्षक, शिकवताना प्रत्यक्ष दिसणारा. संगणकाच्या प्रशिक्षणाला कुमठे अजून मिळालेले नाही, असे मला वाटते.

ऑनलाईन प्रशिक्षणांनी हे साधणार नाही. दीक्षा मंचावर शिक्षकांसाठी अभ्यासक्रम आहेत, काही उत्तम आहेत. पण माणच्या किंवा जतच्या दोनशिक्षकी शाळेत चार इयत्ता एकत्र सांभाळणारा गुरुजी ते बघणार केव्हा? पोषण आहाराची नोंद, यू-डायसची माहिती, तातडीने मागवलेली आणखी एखादी लिंक यांत त्याचा मोबाईल दिवसभर अडकलेला असतो. त्याच्या हातून संगणक चालतो आहे, फक्त तो मुलांसाठी चालत नाही. हा वेळ त्याला परत मिळाल्याशिवाय प्रशिक्षणाची कोणतीही योजना कागदावरच राहणार.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला सुरुवात केली. काहींना ती तंत्रज्ञानाकडे फिरवलेली पाठ वाटली. मला तसे वाटत नाही. पडदा केव्हा चालू आणि केव्हा बंद, हे त्या गावाने स्वतः ठरवले. वर्गात हे ठरवण्याचा अधिकार आणि ते ठरवता येण्याइतकी जाण शिक्षकापाशी हवी. कोणता पाठ पडद्यावर न्यायचा आणि कोणता मातीत हात घालून शिकवायचा, हेही प्रशिक्षणातच शिकायचे आहे.

केंद्रस्तरावरची शिक्षण परिषद आपल्याकडे आहेच. सातारा आणि सांगलीच्या केंद्रप्रमुखांना माझी विनंती आहे: येत्या जुलैची एक परिषद सभागृहात न भरवता नदीकाठच्या एखाद्या शाळेच्या वर्गात, मुले हजर असताना भरवा. भाषण ठेवू नका. केंद्रातल्या एका शिक्षिकेला कोयनेचा विसर्ग आणि आयर्विनची पातळी घेऊन पाठ घेऊ द्या, बाकीच्यांनी मागे बसून पाहावे, मग तासभर त्याच पाठावर बोलावे. ऑगस्टमध्ये दुसऱ्याने तोच पाठ आपल्या शाळेत घ्यावा. तोवर नदीलाही पाणी आलेले असेल.